हाकेपुरता आवाज

"ही घंटी उचल इथून," मी सुनेला म्हणाले.

उल्का हातात चहाची किटली घेऊन तशीच उभी राहिली. यजमानांच्या आरामखुर्चीशेजारच्या तिवईवर तिने पितळेची घंटी आणून ठेवली होती. कचेरीत साहेबांच्या टेबलावर असते तशी, वरच्या खुंटीवर बोट दाबले की टिंग करणारी.

"आई, बाबांच्या सोयीसाठी आणली हो. पाणी हवं असलं, उशी हवी असली..."

"उशी हवी असली की हे टिंग करतील आणि मी पदर सावरत धावत येईन? घंटी वाजली की शिपाई येतो. मी येत नाही."

"मग बाबांनी तुम्हाला बोलवायचं कसं?"

अडचणीत सापडले की मी आवाज चढवते हे उल्काला तोवर ठाऊक झाले होते. तिने निमूटपणे किटली खाली ठेवली. यजमान खुर्चीत बसून आम्हा दोघींकडे पाहत होते. गळ्याभोवती मलमलीचा पांढरा रुमाल सैलसर बांधलेला, आणि त्याखाली, मानेच्या मध्यभागी, ते छिद्र. हसले की त्यांचे फक्त खांदे हलत. तसे ते हलले. मग त्यांनी दोन बोटांनी ती घंटी सुनेच्या बाजूला सरकवून दिली. मला बरे वाटले. निदान एवढ्यापुरते तरी आमचे एकमत होते.

आमचे घर परतवाड्याचे. मेळघाटातून उतरणारे सागवान या गावात विकले जाते, आणि त्यातले बरेचसे त्या काळी आमच्या आरा मशीनवर चिरले जाई. यजमानांचा आवाज त्या आऱ्याशी झगडून घडलेला होता. लाकडात पाते शिरल्यावर जी किंकाळी उठते तिच्या डोक्यावरून हमालांना हुकूम पोहोचवायचा, म्हणजे आवाज तसाच लागतो. घरी आले मात्र की तो आवाज ते चपलांबरोबर दाराबाहेर ठेवत.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजी बैठकीत बसत आणि सासूबाई माजघरात. वडीलधाऱ्यांच्या देखत मुलाने बायकोला हाक मारणे आमच्याकडे निर्लज्जपणाचे मानले जाई. म्हणून यजमान दारात येऊन खाकरत. तेवढेच. हलके खाकरले तर चहा. जरा दमदार खाकरले तर सोबत पाहुणे आहेत, पदर डोक्यावर घ्यावा. एकदा खाकरून थांबले आणि पुन्हा खाकरले, तर काही बोलायचे आहे, परसदारी यावे. सणावारी घरात पुरुषांची ही गर्दी असे, प्रत्येकजण खाकरत असे, तरी त्यांतले आमचे कोणते हे मला चुलीपुढे पाठमोरी बसूनही कळे. सासू-सासरे गेले, रीत राहिली. मुले झाली, शिकली, सून आली. हे खाकरत राहिले आणि मी येत राहिले.

आज हे घर माझ्या शब्दावर चालते. सकाळपासून मोठ्याबाई, मोठ्याबाई असा घोष चाललेला असतो. नातवंडे आजी म्हणतात, उल्का आई म्हणते. मला बोलावणाऱ्यांची उणीव नाही. तरीही भाजी चिरता चिरता माझा हात मध्येच थांबतो आणि मी दाराकडे कान देते. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. कान कशासाठी थांबतो ते मला ठाऊक आहे. पण ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे वळते.

यजमानांचा आवाज बसला तो आधी पडशाने, मग धुळीने, मग बिडीने, असे म्हणत म्हणत नागपूरला जाईपर्यंत उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर गळ्याचे चित्र काढून समजावले. स्वरयंत्रातच गाठ होती. ते सगळेच काढावे लागणार होते. श्वासाची नळी मानेला छिद्र पाडून तिथे जोडायची, पुढे जन्मभर श्वास तिथूनच घ्यायचा. अन्नाचा मार्ग तोंडाने, श्वासाचा मार्ग मानेने, दोघांची फारकत.

"आणि बोलणं?" मी विचारले.

"या आवाजानं, नाही."

डॉक्टरांनी यजमानांकडे पाहिले. यजमान खिडकीबाहेर पाहत होते. तिथे काही नव्हते. एक पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसलेला कावळा. किती वेळ वाट पाहायची?

"करा," मी म्हणाले.

"भाऊसाहेबांचं मत..."

"मला माणूस हवा आहे. आवाजाचं पुढे पाहू."

तो निर्णय मी घेतला. तो योग्य होता, आणि आज पुन्हा त्या खोलीत नेऊन बसवले तरी मी तेच सांगेन. गाठ निघाली, माणूस घरी आला. घर मात्र मुके झाले. त्यांना पाटी आणि खडू दिला होता. 'पाणी', 'औषध', 'उकडते आहे' असे ते लिहीत. पण पाटीला हाक मारता येत नाही. तिच्यापाशी आपणच जावे लागते. मी दिवसातून अनेकदा काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत जाऊ लागले. बोलावल्याशिवाय जाण्याची मला सवय नव्हती. स्वतःच्याच घरात आगंतुकासारखे वाटे.

मग मुलाने मुंबईहून एक बोलायचे यंत्र मागवले आणि आम्ही अमरावतीला शाहीनकडे जाऊ लागलो. शाहीन काझी ही बोलणे शिकवणारी मुलगी. उल्काहूनही लहान, ओढणी नीट खोवलेली, आणि बोलण्यात अजिबात भिडस्त नाही. पहिल्या दिवशी तिने यंत्र मला हातात धरायला दिले. लहानशा बॅटरीसारखे, टोकाला एक चकती. बटण दाबले की चकती थरथरते आणि घर्रर्र करते.

"काकू, आवाज आणि शब्द या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत," ती म्हणाली. "फुप्फुसातून हवा वर येते, गळ्यातले दोन पडदे थरथरतात, त्यातून नुसता गुणगुणाट निघतो. त्या गुणगुणाटाचे शब्द करतात जीभ, ओठ, दात आणि टाळू. भाऊसाहेबांचे फक्त पडदे गेले. बाकीचा कारखाना शाबूत आहे."

"मग हवा तोंडात आली की झालं."

"तीच तर येत नाही ना आता. श्वासाचा रस्ता मानेपाशीच संपतो. म्हणून थरथर बाहेरून द्यायची." तिने चकती स्वतःच्या गळ्याला, जबड्याच्या खाली टेकवली, श्वास रोखून धरला आणि नुसते ओठ हलवले. यंत्र म्हणाले, "न-म-स्का-र, का-कू."

सगळे शब्द एकाच सुरात. चढ नाही, उतार नाही. डब्यात कोंडलेल्या भुंग्याने पाठांतर म्हणून दाखवावे तसे. मला शहारा आला, पण यजमानांनी हात पुढे केला. त्यांचे डोळे चमकले होते.

त्यानंतर शाहीनने मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले. घरचे माणूस समोर नसले की शिकणारा मोकळा होतो, असे तिचे म्हणणे. मला ते फारसे रुचले नाही. पण मी बसले.

यजमान चिकाटीचे. गळ्याच्या कुठल्या जागी चकती धरली की आवाज नीट उमटतो ते त्यांनी हुडकले. क, ख, ह ही अक्षरे रुसत. ब, म, ल, ग ही पटकन वश झाली. उल्काने यंत्राला भुंगा असे नाव ठेवले आणि रोज त्याला चार्जिंगला लावण्याचे काम आपणहून पत्करले. आणि एक दिवस बैठकीतून उल्काचा आनंदाचा चीत्कार ऐकू आला.

"आई, ऐकलंत? बाबा म्हणाले, 'उल्का, चहा गोड झाला'!"

मी स्वयंपाकघरातून बैठकीत गेले. यजमानांनी यंत्र गळ्यापासून काढून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. बस्स.

मग त्यांचे बोलणे घरभर आणि गावभर झाले. मुलाशी फोनवर बोलले. दूधवाल्याशी बोलले. आरा मशीनवर जाऊन उभे राहिले तेव्हा मी अंगणात होते. आमचे अंगण आणि मशीनचे आवार यांत नुसते कुंपण. किसना मिस्त्री त्यांच्याकडचा सर्वांत जुना माणूस, तोंडाने फाटका.

"मालक, आता आरा बंद ठेवला तरी जमते जी," किसना म्हणाला. "तुमी बोलले का गिऱ्हाईकाले वाटते, मशीन चालूच हाये!"

हमाल दचकून गप्प झाले. यंत्र घरघरले, "मग तुझं काय काम? जा घरी."

जो हशा उठला तो आमच्या ओट्यापर्यंत आला. किसना तर डोळे पुसत होता, हसून की कशाने ते देव जाणे. मीही हसले. आणि मग मला जाणवले की मी हसते आहे ती कुंपणाच्या या बाजूला उभी राहून, चोरून.

कारण माझ्याशी त्यांनी त्या यंत्रातून एक अक्षरही काढले नव्हते.

प्रथम मला वाटले, योगायोग. मग मी पाहू लागले. बैठकीत घरघर चालू असे. माझ्या बांगड्या वाजल्या की बंद. मी समोर गेले की यंत्र मांडीवर किंवा उशीखाली, आणि हातात पाटी. 'औषध घेतले.' 'दौलतला गाडी पुसायला सांग.' जगाला आवाज आणि मला खडू.

असे का, याचे एकच उत्तर मला सुचत होते. नागपूरच्या त्या खोलीत मी 'करा' म्हणाले होते. ते गप्प होते. आता ते मला गप्प राहूनच उत्तर देत होते.

विचारावे, तर तसा आमचा शिरस्ता नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांना 'तुम्ही माझ्यावर रागावला आहात का?' असे कधी विचारले नव्हते, आणि त्यांनी मला विचारले नव्हते. राग असला तर जेवणाच्या पानावर कळे, गेला तर तिथेच कळे. आणि एवढ्या उशिरा, त्यांच्यासमोर उभे राहून 'माझ्याशी बोला' असे मागून घ्यायचे? मी मोहोडांची सून. मी मागत नाही.

मी काम वाढवून घेतले. लोणच्याच्या बरण्या उगाचच धुऊन काढल्या. उल्काला पुरणपोळीची कणीक तिसऱ्यांदा तिंबायला लावली. दुपारी यजमानांना चहा नेताना तो आधी बशीत ओतून, पदराच्या वाऱ्याने निववून नेई. कारण आता त्यांना फुंकर घालता येत नव्हती. तो चहा पिताना ते डोळे मिटत. मी तिथे उभी राही. ते बशी खाली ठेवत, पाटीकडे हात जाई, मी पाटी वाचण्याआधीच बाहेर येई.

त्यात जांभयांची भर पडली.

एके सकाळी मी वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी देत होते. मागे चाहूल लागली. वळून पाहिले तर यजमान स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला धरून. मी पळी खाली ठेवली. आता काही बोलतील. त्यांनी ओठ घट्ट मिटले, जबडा खाली ओढला, गाल आत गेले, डोळे किलकिले झाले. सरळसरळ जांभई, तोंड न उघडता दाबलेली. एक झाली. दुसरी झाली. मग मान हलवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. मी भाकरी भाजत असताना. तिसऱ्या दिवशी मसाला कुटताना.

"उल्का," मी म्हणाले, "तुझे सासरे माझ्या दारात उभे राहून मला जांभया देतात."

"झोप होत नसेल, आई."

"झोप बैठकीत येत नाही, आरा मशीनवर येत नाही, मला पाहिल्यावर येते?"

उल्काला हसू आले आणि तिने ते गिळले. ते गिळलेले मी पाहिले. त्याच क्षणी मी ठरवले की पुढच्या खेपेला अमरावतीच्या त्या बाकावर बसायचे नाही.

ठरल्या दिवशी यजमान आत गेले. मी बाकावर बसले, थोडा वेळ भिंतीवरचे कानाचे चित्र पाहिले, आणि उठून दार ढकलले.

आत ते खुर्चीच्या काठावर बसले होते. यंत्र गळ्याला लावलेले, तोंड अर्धवट उघडे, कपाळावर घाम. बटण दाबत होते आणि सोडत होते. घर्र. घर्र-घर्र. शब्द नव्हता तो. किसनाच्या आऱ्यात खिळा अडकल्यावर निघतो तसला तुटका आवाज. शाहीन समोर हनुवटी हातावर टेकवून ऐकत होती. मला पाहताच यजमानांनी यंत्र खाली ठेवले, जणू मी त्यांना काही चोरताना पकडले होते.

"काकू, तुम्ही बाहेर..."

"बसले पुष्कळ दिवस बाहेर. शाहीन, मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. हे सुनेशी बोलतात. मुलाशी बोलतात. दूधवाल्याशी म्हशीच्या तब्येतीबद्दल बोलतात. माझ्याशी नाही. हे तू शिकवलंस का?"

शाहीनने यजमानांकडे पाहिले. त्यांनी हाताने 'नको' अशी खूण केली. ती मला दिसली, आणि मला दिसली हे त्यांनाही दिसले.

"त्यांच्याकडे पाहू नकोस. माझ्याकडे पाहा."

"भाऊसाहेब, मला क्षमा करा," ती म्हणाली. "काकू, ते जे करत होते ना आत्ता, तो खाकरण्याचा सराव आहे."

मला वाटले मी चुकीचे ऐकले.

"पहिल्या महिन्यापासून तेच चाललंय. आल्या आल्या आधी ते, मग बाकीचे शब्द. मी सांगून थकले. खाकरणं म्हणजे पडदे मिटून त्यांवर श्वासाचा धक्का देणं. पडदे नाहीत, आणि श्वास इथवर पोहोचत नाही. यंत्र श्वासावर चालतच नाही, त्याला धक्का ठाऊक नाही. ते फक्त गुणगुणतं. पण हे ऐकत नाहीत."

"खाकरायचं कशाला?"

शाहीन जरा घुटमळली. "मीही विचारलं होतं. म्हणाले, 'घरात तिला बोलावायची दुसरी रीत मला येत नाही. आधी बोलावता आलं पाहिजे. मग बोलेन.'"

यजमान खिडकीबाहेर पाहत होते. नागपूरला पाहिले होते तसेच. तेव्हा मला वाटले होते की ते माझ्यापासून तोंड फिरवून बसले आहेत. या वेळी मी त्यांच्या मानेकडे पाहिले. कानामागपर्यंत लाल झाली होती. साठी उलटलेला माणूस, आणि लग्नाच्या मांडवात बसलेल्या मुलासारखी लालबुंद मान.

काहीतरी बोलणे भाग होते. मी खुर्ची ओढून बसले.

"आणि जांभया?" मी विचारले.

"कसल्या जांभया?"

"माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून देतात त्या."

शाहीन खळखळून हसली. "अहो काकू, तो वास घेण्याचा सराव! श्वास मानेतून जातो, मग नाकात हवा शिरणार कशी? नाक चांगलं आहे, पण रिकामं. ओठ मिटून जबडा असा खाली ओढला, आतल्या आत जांभई दिली, की तोंडात पोकळी होते आणि थोडीशी हवा नाकातून ओढली जाते. मीच सांगितलं होतं, जिथे ओळखीचा वास असेल तिथे जाऊन करा."

"मग यांना आला का वास?"

यजमानांनी माझ्याकडे न पाहता नकारार्थी मान हलवली.

पूर्वी डोळे मिटून भुसा नाकाशी धरून सागाचा तुकडा कुठल्या बाजूच्या जंगलातला ते सांगणारा हा माणूस. त्या दिवसापर्यंत माझ्या मनात आले नव्हते की त्यांचा आवाज गेला त्याच दिवशी माझी फोडणीही गेली, लाकूडही गेले. हे त्यांनी पाटीवर कधी लिहिले नाही.

निघताना शाहीन त्यांना म्हणाली, "भाऊसाहेब, खाकरणं सोडा आता. ते गेलं. कुठला तरी शब्द शोधा."

परतीच्या वाटेवर आम्ही दोघे मागच्या सीटवर होतो, मध्ये पिशवी. दौलत आमचा ड्रायव्हर, पुढे एकटाच गुणगुणत होता. धूळ नको म्हणून यजमानांनी रुमाल वर ओढला होता. मला पुष्कळ सांगायचे होते. राग आहे असे मी समजत होते, हे सांगायचे होते. खाकरू नका, नुसते येऊन उभे राहा, मी वळेन, असेही सांगायचे होते. पण ज्या माणसाशी जन्मभर परसदारी चार वाक्ये बोलून संसार केला, त्याच्याशी गाडीत, दौलतच्या पाठीमागे बसून असले काही बोलायला मला तरी कुठे येत होते? खुणा त्यांच्या होत्या आणि येणे माझे होते. मलाही दुसरी रीत कोणी शिकवली नव्हती.

आसेगाव मागे पडले. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगिचे सुरू झाले. आंबिया बहराचे दिवस होते. गडद पानांत पांढरी फुले दाटली होती. यजमानांनी काच खाली केली. ओठ मिटले, जबडा खाली ओढला. एकदा. मग पुन्हा. मग ते एकदम ताठ बसले आणि यंत्र गळ्याला लावले.

"दौलत. थांब."

दौलतशी त्यांना किती सहज बोलता येत होते. मला वाटले, जीव घाबरला. मी हात पुढे केला, तोवर ते दार उघडून उतरलेही. गाडी थांबलीच आहे तर म्हणून दौलतने बॉनेट उघडले आणि रेडिएटरसाठी पाण्याचा डबा काढला. यजमान रस्त्याची कड ओलांडून बगिच्याच्या काट्याच्या कुंपणापाशी गेले आणि तिथे उभे राहिले. मी गाडीतून त्यांची पाठ पाहत होते. खांदे वर गेले, खाली आले. पुन्हा वर गेले. आता मला त्या हालचालीचा अर्थ ठाऊक होता; ते वास ओढत होते. मी माझाही श्वास धरून बसले होते.

ते वळले. त्यांचा चेहरा मी आजही सांगू शकते. डोळ्यांत पाणी होते आणि ते हसत होते. वास आला होता.

त्यांना मला बोलवायचे होते. हे सांगायला शाहीन लागली नाही. मान जरा पुढे झाली, हनुवटी उचलली गेली, पूर्वी दारात उभे राहून होत असे तशीच; आणि मग जे व्हायचे ते झाले नाही. रुमालाखालून नुसता हवेचा फुत्कार निघाला. रुमाल फडफडला. ते थबकले. मी दाराच्या कडीवर हात ठेवला. उठून गेले असते तर सारे सोपे होते. आजवर तेच तर करत आले होते. न बोलावता त्यांच्या खोलीत जात आले होते. मी कडीवरचा हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. त्यांना मला बोलवायचे होते. ते त्यांना करू द्यायला हवे होते.

त्यांनी यंत्र गळ्याला लावले. बटण दाबले. घर्रर्र. ओठ उघडे, आणि त्यांत शब्द नाही. बटण सुटले. पुन्हा दाबले. दौलत बॉनेटमागे काही तरी ठोकत होता. रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली आणि तिची धूळ बसेपर्यंत मला ते दिसेनासे झाले. धूळ बसली तेव्हाही ते तसेच उभे होते, गळ्याला यंत्र लावून.

"तुला," यंत्र म्हणाले. त्यांनी चकती जरा वर सरकवली. "काय म्हणू?"

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याविषयी त्यांनी मलाच विचारलेला हा पहिला प्रश्न. एकाच सुरातला, भुंग्याचा. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी काय करावे, काय बोलावे, कुणी कुठे बसावे हे सांगत आले. त्या क्षणी मला काहीच सांगता येईना.  मी खाकरले, तेव्हा कुठे शब्द फुटले.

"जे सोपं जाईल ते म्हणा," मी खिडकीतून म्हणाले.

त्यांनी विचार केला. अक्षरे मनात चाचपून पाहत असावेत. कुठली वश आहेत, कुठली रुसतात. मग चकती जबड्याखाली नीट बसवली, डोळे माझ्याकडे वळवले.

"अगं," ते म्हणाले.

परतवाड्यातल्या कुठल्याही घरात जा. नवरा बायकोला सकाळपासून शंभर वेळा म्हणतो तो शब्द. चहासाठी म्हणतो, हरवलेल्या चष्म्यासाठी म्हणतो, नुसताच म्हणतो. माझ्या वाट्याला तो कधी आला नव्हता, आणि आला नाही हे मला त्या रस्त्यावर तो ऐकेपर्यंत कळले नव्हते.

"अगं," ते पुन्हा म्हणाले, जरा लांबवून. यंत्राला मोठ्याने म्हणता येत नाही, म्हणून त्यांनी बटण जास्त वेळ दाबून धरले. "ये. बहर. आलाय."

खाकरण्याला कधी उत्तर द्यावे लागत नसे. उठून जायचे असे, झाले. हाकेला उत्तर लागते.

"ओ," मी म्हणाले, आणि गाडीतून उतरले.